दुधाचा गोरेपणा

माझी मुलगी दीड वर्षाची असताना आमच्या कॉलनीतलं सगळ्यात गोरं मूल होती, आणि त्याचा सगळ्यात जास्त अभिमान मलाच होता. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी सासूबाईंबद्दल बरंच काही बोलणार आहे, आणि वाचणाऱ्याला असं वाटायला नको की हे सगळं घडत असताना मी कुठेतरी बाजूला उभी होते.

मी काळी आहे. लग्न जमवताना 'सावळी' म्हणतात, पण तो शब्द मध्यस्थांचा. धुळ्याला मला बघायला आलेल्या एका बाईंनी पोहे खाता खाता माझ्या आईला विचारलं होतं, "पोर उनमा भलती फिरस का?" आई म्हणाली, कॉलेजला सायकलवर जाते ना, म्हणून. कॉलेज आमच्या घरापासून दहा मिनिटांवर होतं. दहा मिनिटांच्या उन्हाने माणूस जन्मभरासाठी काळा होत नाही हे त्या बाईंनाही ठाऊक होतं आणि आईलाही. त्यांचा नकार आला. नंतर जळगावचं स्थळ आलं आणि जमलं. मुलगाही माझ्याच रंगाचा होता, पण त्याला कुणी उन्हाबद्दल विचारलं नाही.

सासरचं गाव एरंडोलकडचं. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याजवळ जळगावला राहायला आल्या. दीर शेती आणि दोन म्हशी सांभाळत गावीच राहिले. दूध गावाहून यायचं. सकाळच्या पहिल्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ दीर दुधाची किटली द्यायचे आणि नवरा स्टँडवर जाऊन ती उतरवून घ्यायचा. पिशवीच्या दुधावर वाढणाऱ्या शेजारच्या मुलांची सासूबाईंना मनापासून कीव यायची. "आम्हनी नात घरना दूधवर वाढेल शे," असं त्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, मग तो गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस का असेना.

मुलगी दहा महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. मी शाळेत विज्ञान शिकवते. मी सकाळी निघायचे आणि मुलगी आजीच्या ताब्यात जायची. उठली की दूध, अंघोळ झाली की दूध, झोपायच्या आधी दूध, झोपेतून उठल्यावर दूध, संध्याकाळी एक बाटली आणि रात्री एक. मधे केळं. जळगावात केळी विकत आणावी लागत नाहीत, कुणी ना कुणी घड आणून टाकतंच. मग केळ्याचं शिकरण, तेही दुधातच. भाकरीचा तुकडा किंवा वरण-भाताचा घास पुढे केला की पोर मान फिरवायची. जेवत नाही म्हणून बाटली, आणि बाटली प्यायल्यामुळे जेवण नाही, असं आमचं चाललेलं. नवरा डाळ मिलमध्ये सुपरवायझर आहे. संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याच्या केसांत आणि शर्टाच्या शिवणीत तुरीच्या डाळीची पिवळी धूळ असते. त्याच्या अंगावर जेवढी डाळ असायची तेवढीही त्याच्या मुलीच्या पोटात जात नव्हती, आणि आम्हा तिघांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

वाटणार कसं? मुलीने बाळसं धरलं होतं. गाल वर आले होते, मनगटाला वळ्या पडल्या होत्या. आणि रंग! जन्मली तेव्हा माझ्यासारखीच होती. कानाची पाळी काळी, म्हणजे पोर काळीच होणार, असं सुईणीच्या तोऱ्यात नणंदेने सांगितलं होतं. पण वर्ष उलटलं तशी ती उजळायला लागली. महिन्यामहिन्याला फरक दिसायचा. आधी गव्हाळ, मग गोरी, मग अगदी गोरीपान. सासूबाई बेसन आणि साय लावून तिचं अंग चोळायच्या आणि सगळं श्रेय अर्धं बेसनाला, अर्धं म्हशीला द्यायच्या. मी नातेवाइकांच्या ग्रुपवर तिचे फोटो टाकायचे. धुळ्याच्या त्या पोहे खाणाऱ्या बाई त्या ग्रुपवर नव्हत्या, तरी प्रत्येक फोटो टाकताना माझ्या डोळ्यांपुढे त्याच असायच्या.

शिवाय ती फार शांत होती. रडणं नाही, हट्ट नाही, धावपळ नाही. जिथे बसवावं तिथे बसायची आणि थोड्या वेळाने तिथेच लवंडून झोपायची. शेजारणी म्हणायच्या, तुमची पोर किती शहाणी हो, आमचा तर घर डोक्यावर घेतो. मी हसून म्हणायचे, संस्कार. हा शब्द मी खरोखर वापरला होता.

आणि ती माती खायची. कुंडीतली माती उकरून तोंडात घालायची, मागच्या भिंतीचे चुन्याचे पोपडे नखाने काढून चघळायची. मी एकदा तिचं तोंड धुताना चिडले तर सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "किसनदेवनी बी माटी खादेल व्हती." मला हसू आलं. मी मोबाईल काढून तिचा मातीने माखलेल्या तोंडाचा फोटो घेतला. ग्रुपवर त्यालाही भरपूर बदाम आले.

त्या हिवाळ्यात चुलत दिराचं लग्न होतं. आमच्या कॉलनीत वर्षानुवर्षं एक मुसलमान चाची बांगड्या भरायला यायची. साठी उलटलेली, डोक्यावर टोपली, बरोबर कुणी नाही. लग्नकार्य आलं की बायका तिला निरोप धाडायच्या. तशी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. सासूबाईंना भरल्या, मला भरल्या, आणि सासूबाई म्हणाल्या, नातीलाही दोन-दोन चढव.

बांगडी चढवायची चाचीची रीत ठरलेली होती. ती आधी हात आपल्या हातात घ्यायची, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून दाबून मऊ करायची, आणि मग बोटं जुळवून बांगडी अशी सरकवायची की कळायचंही नाही. दाबलेला हात आधी पांढरा पडतो, सोडला की लगेच लाल होतो. लाल झाला की हात तयार, असं ती म्हणायची. तिने माझ्या मुलीचा हात घेतला, दाबला, सोडला. पुन्हा दाबला, सोडला. मग दुसरा हात घेतला. बांगडी तशीच तिच्या मांडीवर पडून राहिली.

"बाई, राग नका मानू," ती मला म्हणाली, "पण लेकीच्या हातात रगत नाही. दाबला तरी लाल होत नाही. दवाखान्यात दाखवून घ्या."

सासूबाई ताडकन उठल्या. "डोयामा भरनी ना पोर? आमनी पोर गोरी शे, ते बघवत नही का?" त्यांनी मुलीला उचलून आत नेलं आणि मीठ-मोहऱ्या ओवाळायला घेतल्या. चाची माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असावं की ही शिकलेली आहे, ही ऐकेल. मी तिला म्हणाले, "चाची, गोऱ्या मुलांचे हात असेच असतात." माझा आवाज वर्गातल्यासारखा होता. तिने टोपलीवर फडकं टाकलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि गेली.

हे झालं मंगळवारी. शुक्रवारी सहावीच्या वर्गात माझा 'समतोल आहार' चालला होता. तो पाठ मी इतक्या वेळा शिकवलाय की फळ्यावरचं ताट मी वर्गाकडे तोंड करून, हात मागे नेऊनही काढू शकेन. एका भागात धान्य, एका भागात डाळी, एका भागात पालेभाज्या. लोह कमी पडलं की रक्तक्षय, असं मी नेहमीप्रमाणे म्हणाले. लक्षणं कोणती? मुली एका सुरात म्हणाल्या: थकवा येणे, त्वचा फिकट पडणे. पाठ करून घेतलेलं होतं ना मी. 'त्वचा फिकट पडणे' हे चाळीस मुलींच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या हातातला खडू थांबला. मी मुख्याध्यापकांना डोकं दुखतंय सांगितलं आणि मधल्या सुट्टीतच घरी निघाले.

मुलगी झोपलेली होती. अर्थातच झोपलेली होती. मी तिचा तळहात माझ्या तळहातावर ठेवला. माझा हात वरून काळा, पण आतून गुलाबी. तिचा आतूनही मुळ्याच्या फोडीसारखा. ओठ तसेच, नखं तशीच. एवढे दिवस मी त्याच ओठांचे फोटो काढत होते. मी तिथेच खाली बसले. मला स्वतःची इतकी किळस आली की तिला उचलायलाही हात पुढे होईना.

बालरोगतज्ज्ञ वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "दूध किती पिते?" मी म्हणाले, "सहा बाटल्या. घरच्या म्हशीचं." काय सांगू, त्या क्षणीसुद्धा माझ्या आवाजात थोडी फुशारकी होती. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग जेवते कधी?"

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा जेवढं असायला हवं त्याच्या निम्म्याच्या आसपास रक्त होतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि एवढं दूध पोटात गेलं की बाकीच्या अन्नाला जागा उरत नाही. जे थोडंफार जातं त्यातलं लोहही दूध अंगी लागू देत नाही. गुबगुबीत दिसतं मूल, आत रिकामं असतं. माती खाणं, झोपून राहणं, हे सगळं त्याचंच. "दिवसाला दोन कप दूध, त्याच्यावर एक चमचा नाही. बाटली बंद. हे लोहाचे थेंब. आणि जेवण. महिन्याने रक्त परत बघू. वर आलं नाही तर दाखल करून बाहेरून रक्त चढवावं लागेल." मग फाईलवर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?"

"शिक्षिका आहे."

"विषय?"

"विज्ञान."

त्यांनी वर पाहिलं नाही. लिहून झालं, फाईल माझ्याकडे सरकवली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मी आहाराचा तक्ता करायला बसले. मोबाईलवर शोधलं तर तक्तेच तक्ते. सोमवारी ॲव्होकॅडो, मंगळवारी ब्रोकोलीचं सूप, बुधवारी किनोआ. आमच्या भाजीबाजारात जाऊन ॲव्होकॅडो मागितला असता तर भाजीवाल्या आबांनी मला आधी पाणी दिलं असतं. शेवटी मी ते सगळं बंद केलं आणि आमच्याच घरातले डबे उघडून बसले. बाजरी होती, कळणाचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ होतं, मूग, मटकी, शेंगदाणे, तीळ, खजूर. बाहेर मेथी आणि पोकळा ढिगाने. अंडं आमच्या घरात चालत होतं, फक्त ते 'गरम पडतं' म्हणून लेकराला देत नव्हते. सगळं घरात होतं. ज्या घरात हे सगळं असतं तिथे लेकराचं रक्त आटतं, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

मी वहीच्या पानावर लिहिलं. सकाळी बाजरीच्या पिठाची पातळ राब, त्यात गूळ आणि तीळकूट. दहा वाजता अर्धं उकडलेलं अंडं. दुपारी मुगाच्या वरणात कुस्करलेली कळणाची भाकर, वर पोकळ्याची भाजी, आणि लिंबू पिळायचं, कारण आंबटाने लोह अंगी लागतं. चार वाजता खजूर, बी काढून, बारीक चिरून. संध्याकाळी मेथी घालून खिचडी. थेंब दुधाबरोबर नाही, लिंबाच्या पाण्याबरोबर. दूध जेवणानंतर दोन तासांनी. पान फ्रिजवर चिकटवलं. सासूबाईंना वाचता येतं, तरी मोठ्याने वाचून दाखवलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "माय, तू शायामा शिकाड. घरमा नको शिकाडू."

पुढचे पाच दिवस मला आठवावेसे वाटत नाहीत. मुलीने राब थुंकली, अंडं थुंकलं, भाकरीची वाटी ढकलून दिली. तिला बाटली हवी होती आणि तिने कधी नव्हे तो सूर लावला. दुसऱ्या दिवशी सासूबाई रडायला लागल्या. "पोरगीले उपाशी मारी टाकशी का?" खोटं रडणं नव्हतं ते. त्यांची एक मुलगी लहानपणी दूध न मिळाल्याने गेली, असं त्या मानत होत्या. ते मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांच्या काळात एकच म्हैस होती, आणि तिचं दूध सगळं विकायचं असायचं. लेकराला दूध नाकारणारी बाई त्यांच्या लेखी काय असेल ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं, पण दया आली नाही. मी म्हणाले, "तुमची दुधाविना गेली असेल, माझी दुधाने जाईल." असं बोलू नये. मी बोलले.

नवरा दोघींच्या मधे उभा राहून म्हणाला, "थोडं थोडं कमी करा ना." नवरे असंच म्हणतात. त्याला दोन्हीकडे बरं म्हणवून घ्यायचं होतं आणि त्या पाच दिवसांत त्याने एकदाही पोरीला स्वतःच्या हाताने घास भरवला नाही.

सहाव्या दिवशी मी शाळेतून लवकर आले तर मुलगी आजीच्या मांडीवर, तोंडात बाटली. बाटली मी माळ्यावर टाकली होती. सासूबाई स्टुलावर चढून, त्या वयात, ती काढून रोज देत होत्या. म्हणून तर ती माझ्या हातचं खात नव्हती. मी आरडाओरडा केला नाही. बॅग भरली, बिनपगारी रजेचा अर्ज टाकला आणि मुलीला घेऊन धुळ्याची गाडी पकडली. स्टँडवर नवरा म्हणाला, "आईला वाईट वाटेल." मी म्हटलं, वाटू दे.

धुळ्याला माझ्या आईने माझं पान पाहिलं आणि घडी घालून डब्याखाली ठेवून दिलं. "तिले तिना हातघाई खाऊ दे," म्हणाली, म्हणजे तिच्या हाताने. मी वाटी-चमचा घेऊन पोरीच्या मागे फिरत होते, एक घास चिऊचा, एक घास काऊचा करत होते, आणि आई मला बघून वैतागत होती. पोटात भूक पेटू दे, म्हणाली, चिऊ-काऊ गेले उडत. दोन दिवस मुलगी कुरकुरली. तिसऱ्या दिवशी वडील जेवायला बसले होते, बाजरीची भाकर आणि मेथीची पातळ भाजी. ती रांगत त्यांच्या ताटाशी गेली, भाकरीचा भिजलेला तुकडा मुठीत उचलला आणि तोंडात घातला. तोंड वाकडं केलं. पुन्हा मूठ घातली. वडिलांनी हात थांबवला आणि पूर्ण ताट तिच्यापुढे सरकवून दिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि आईने माझा दंड धरून मला आत ओढलं, म्हणजे मी मधे पडून काही बिघडवू नये.

त्यानंतर तक्ता चालला, पण वडिलांच्या ताटातून. मी जे तिला द्यायचं ठरवायचे ते वडिलांना वाढायचे. बिचाऱ्यांनी महिनाभर चार वाजता चिरलेला खजूर खाल्ला आणि दहा वाजता उकडलेलं अंडं, तिखट न घालता. दूध दोन कप, तेही पेल्यातून. दोन आठवड्यांनी मुलगी ओरडायला लागली. तिसऱ्या आठवड्यात तिने आईचं पिठाचं भांडं उपडं केलं, पायऱ्या चढली, शेजारच्या मांजरीची शेपटी ओढली. आई पाठीमागे धावून दमून जायची. माझी मुलगी शांत नव्हतीच. तिच्या अंगात दंगा करण्याएवढं रक्त नव्हतं, आणि आम्ही त्याला संस्कार म्हणत होतो.

माती खाणं आपोआप सुटलं. महिन्याने धुळ्यालाच रक्त तपासलं आणि रिपोर्टचा फोटो जळगावच्या डॉक्टरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: चांगलं वाढलंय, रक्त चढवायची गरज नाही, औषध अजून तीन महिने. मी तो मेसेज आईला वाचून दाखवताना मोठ्याने रडले.

आणि आता जे सांगायचंय ते सांगायला मला जड जातंय. त्याच दुपारी मी तिला अंघोळ घालून आरशापुढे उभी केली, केस विंचरले. ओठ गुलाबी होते, हात लाल होते, डोळे नुसते चमकत होते. आणि तिचा रंग परत माझा झाला होता. माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल? काळी दिसतेय. एवढंच आलं. महिनाभर देवाकडे तिचं रक्त मागितलं होतं, आणि ते समोर दिसल्यावर माझं मन खट्टू झालं. मी आरशात स्वतःकडे पाहिलं नाही.

जळगावला परतलो तेव्हा दार सासूबाईंनीच उघडलं. महिनाभर नात दिसली नव्हती म्हणून हात पुढे केले आणि तसेच थांबल्या. "व माय! काय करी ठेवं मनी पोरगीनं! बठ्ठी काई पडी गई!" मी रिपोर्ट दाखवला. डॉक्टरांचा मेसेज वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली, पण नजर पोरीच्या चेहऱ्यावरच होती. मग त्यांनी औषधाची बाटली पाहिली. लोहाचे थेंब काळपट असतात. शीही काळी होते त्याने. बाजरी काळपट, तीळ मी काळे वापरले होते, खजूर काळा. त्यांच्या डोक्यात हिशेब जुळला: काळं काळं खाऊ घालून मास्तरणीने पोर काळी केली. नणंदेला फोनवर त्या हेच सांगत होत्या, आणि नणंदेने ते पुढे सांगितलं. पुढचं वर्षभर लग्नामुंजीत मला बायका विचारायच्या, "हिला काय झालं हो? आधी केवढी गोरी होती!" मी आजार सांगायचे, रक्त सांगायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तरी पण."

चाची पुन्हा आमच्या गल्लीत आली नाही. मी धुळ्याला असताना सासूबाईंनी कॉलनीभर सांगितलं होतं की तिची नजर लागली आणि पोर आजारी पडली. बायकांनी तिला निरोप देणं बंद केलं. मला परतल्यावर हे कळलं. एका एका दारात जाऊन सांगायला हवं होतं की त्या बाईने माझी मुलगी वाचवली, तिला आपण चोरासारखं घालवलं. मी ते करायचं ठरवलं, मग आधी परीक्षा आल्या, मग उन्हाळा आला. खरं कारण हे की तसं सांगताना तिने काय पाहिलं आणि मी काय पाहिलं नाही, तेही सांगावं लागलं असतं. एकदा बाजारात ती लांबून दिसली. मी रस्ता ओलांडला, पण तिच्या बाजूला नाही.

आता मुलगी सात वर्षांची आहे. धावण्यात वर्गात पहिली येते, भांडते, दोन भाकरी खाते. तिचं रक्त मी दर वर्षी तपासून घेते. सासूबाई थकल्या आहेत, दूध आता आम्हीही पिशवीचंच घेतो. मी समजत होते की ते प्रकरण संपलं.

मागच्या महिन्यात एके दिवशी शाळेतून आली ती दप्तर न काढताच आजीजवळ जाऊन बसली. वर्गातल्या कुणीतरी नाटकात परीचं काम हिला नको म्हटलं होतं, कारण परी गोरी असते. मी स्वयंपाकघरात होते. आजीने तिला जवळ घेतलं, माझा मोबाईल मागितला आणि जुने फोटो दाखवायला लागल्या. दीड वर्षाची, पांढरीफटक, शांत बसलेली. आजी प्रेमाने सांगत होत्या, हे बघ, तू बी गोरीच व्हतीस, फक्त दूध पेत व्हतीस तव्हय.

थोड्या वेळाने मुलगी ताटावर येऊन बसली. मी वाढलं होतं: बाजरीची भाकर, पोकळ्याची भाजी, वरण, लिंबाची फोड. तिने ताटाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं. मला मारायला आल्यासारखी चिडलेली नव्हती. फार नीट, समजुतीने बोलली, जशी मी तिच्याशी बोलते.

"आई, मला हे नको. मला परत फक्त दूध दे."

मी तिला पुस्तकातलं सगळं सांगितलं: लोह, रक्त, थकवा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ताट माझ्याकडे सरकवलं.